कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरातल्या आर्मेनियन लोकसंगीतावर माहितीपट करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

आधी कॅमेरा नको, कान लावा. लोकसंगीत गोळा करणाऱ्या सिडनी रॉबर्टसन कॉवेल यांनी 1939 मध्ये फ्रेझ्नोतल्या आर्मेनियन गायक-वादकांचं ध्वनिमुद्रण केलं होतं. ते लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतं. ते आजच्या आजी-आजोबांना ऐकवा आणि ऐकतानाच त्यांचं चित्रीकरण करा. कोणतं गाणं कोणत्या गावचं, हे ते आपणहून सांगू लागतील. समोर बसवून घेतलेल्या मुलाखतीत हे क्वचितच मिळतं.

दुदुक या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच सगळा माहितीपट बेतू नका, ही माझी कळकळीची विनंती. जर्दाळूच्या लाकडाचं ते वाद्य सुंदरच आहे, पण ऑटोमन तुर्कस्तानात 1915 मध्ये झालेल्या आर्मेनियन नरसंहारातून वाचून आलेल्या कुटुंबांच्या लग्नांत, सहलींत ऊद हे तंतुवाद्य, क्लॅरिनेट आणि दुंबेक हे हाताने वाजवायचं तालवाद्य वाजत. काही गाणी तर तुर्की भाषेतली. त्यावर बोलणं काहींना जड जातं, म्हणून तो विषय त्यांनीच काढेपर्यंत थांबा.

गाणं मध्येच तोडू नका, निदान दोन तरी पूर्ण ठेवा. नाचणाऱ्यांची साखळी दाखवताना पावलं दिसू द्या, ताल तिथेच कळतो. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या वापराची परवानगी मात्र संकलनाआधीच लेखी घ्या.