वाचकांचे प्रश्न: प्लेगचा कायदा अजून का रद्द होत नाही?

प्रश्न (पुणे): सर, लॉकडाऊनमध्ये माझ्या भावावर संध्याकाळी बाहेर फिरला म्हणून गुन्हा दाखल झाला, तेव्हा कळलं की त्यामागे 1897 चा कायदा होता, म्हणजे इंग्रजांचा. एवढे जुने कायदे सरकार रद्द करतंय मग हा का नाही? आणि उद्या रद्द झाला तर भावाची केस संपेल का?

उत्तर: पुण्यातून हा प्रश्न यावा हे बरोबरच आहे, कारण या कायद्याचा सगळ्यात जास्त त्रास पुण्यानेच भोगलाय. मुंबईत प्लेग पसरला आणि आठवडाभरात बिल मांडून 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा पास केला, मग पुण्यात रँडच्या हाताखालचे सोल्जर घराघरात, अगदी देवघरात शिरून झडत्या घ्यायला लागले आणि 22 जूनला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलोय. पण ज्या कायद्यावर हा सगळा कारभार चालला तो तसाच राहिला आणि मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच लागू केला.

मुळात चार-पाच कलमांचा कायदा आहे हो. सरकारने हवे ते नियम करावेत, मोडले तर सरकारी आदेश मोडल्याची शिक्षा (जून 2024 पर्यंत आयपीसी म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली, त्यानंतर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली), आणि अधिकाऱ्याने चांगल्या हेतूने काही केलं असेल तर त्याच्यावर दावा नाही. साथ कशाला म्हणायचं याची व्याख्या नाही, ज्याला घरात कोंडलं त्याच्या पोटापाण्याचं काय यावर एक ओळ नाही, नियम 'तात्पुरते' म्हटलेत पण किती दिवसांचे ते नाही. 2020 मध्ये दुरुस्ती झाली, डॉक्टर-नर्सवर हल्ला केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आली, ती हवीच होती, पण बाकीचं तसंच. विधी आयोगानेही 2024 च्या 286 व्या अहवालात हा कायदा अपुरा आहे असंच सांगितलंय.

मग नुसता रद्द करून टाकावा का? माझं मत नाही. उद्या साथ आली तर हातात काहीतरी लागेलच, आणि नसेल तर रातोरात अध्यादेश काढतील, घाईत काढलेला कायदा कसा असतो ते 1897 ने दाखवलंय. आधी नवीन कायदा, त्यात मुदत आणि विधिमंडळाची मंजुरी, आणि मग जुना रद्द.

भावाच्या केसचं: कायदा रद्द झाला म्हणून जुना गुन्हा आपोआप संपत नाही, जनरल क्लॉजेस ॲक्टचं (सगळ्या कायद्यांना लागू होणारे सामान्य नियम सांगणारा कायदा) कलम 6 तसंच सांगतं. पण 2022 मध्ये राज्य सरकारने लॉकडाऊनमधले 188 चे गुन्हे मागे घ्यायचा निर्णय जाहीर केला होता, त्यामुळे पोलीस स्टेशनला आणि कोर्टात केसचा स्टेटस काढा. गुन्हा मागे घ्यायलाही कोर्टाची संमती लागते, म्हणून ऑर्डरची कॉपी हातात येईपर्यंत संपलं असं समजू नका.

प्रश्न (उरण): 7 मे 2025 ला आमच्याकडे मॉक ड्रिल झालं, भोंगे वाजले. हा नागरी संरक्षण कायदाही जुनाच ना, तोही काढायला नको का?

उत्तर: तो 1968 चा आहे पण त्याची गोष्ट वेगळी. 1962 च्या चीन युद्धात डिफेन्स ऑफ इंडिया ॲक्ट हा युद्धकाळासाठीचा कायदा आला, त्यात लिहिलं होतं की युद्धामुळे लागलेली आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांनी हा संपेल. आणीबाणी उठली थेट जानेवारी 1968 मध्ये! मग त्या कायद्याखाली चालणाऱ्या ब्लॅकआउट, बचावकार्य, स्वयंसेवक यांचं काय, म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात हा वेगळा कायदा केला. 2009 च्या दुरुस्तीने त्यात पूर-भूकंपासारख्या आपत्तीही आल्या. त्यामुळे तो काढू नये. डिफेन्स ऑफ इंडिया ॲक्टला निदान शेवट लिहिलेला होता, प्लेगच्या कायद्याला तोच नाही आणि माझा राग त्यावर आहे. तुम्ही उरणला राहता, शेजारी बंदर आणि गॅस-तेलाचे प्रकल्प, तर भोंगा वाजल्यावर कुठे जायचं हे तुमच्या वॉर्डात विचारून घ्या, आणि शक्य असेल तर नागरी संरक्षण दलात स्वयंसेवक म्हणून नाव द्या.