आमची गल्ली आरपार वाहतुकीला बंद करायचा पालिकेचा विचार आहे. पाठिंबा द्यावा का?

द्या. पण सही करण्याआधी गाड्या अडवणारे खांब नेमके कुठे बसणार, ते नकाशावर दाखवायला सांगा.

सिग्नल चुकवायला गाड्या तुमच्या गल्लीत घुसतात, आणि ती बंद करण्यावरून सोसायट्यांत दोन तट पडलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी पार्ले पूर्वेला राहतो. ७ नोव्हेंबर २०२२ ला अंधेरीचा रेल्वेवरचा गोखले पूल बंद झाला आणि तिथली वाहतूक आमच्या कॅप्टन गोरे पुलाकडे वळली. त्यामुळे 'एक रस्ता बंद केला की सगळीकडे कोंडी' हे म्हणणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. पण पूल आणि गल्ली यांत फरक आहे. रूळ ओलांडायला जागोजागी वाटा नसतात. तुमच्या गल्लीशेजारी मात्र हमरस्ता आहेच, तो टाळायलाच तर गाड्या आत येतात!

मला काळजी वाटते ती शेजारच्या गल्लीची. एकच गल्ली बंद केली, तर मोबाईलवरचा नकाशा दुसऱ्या दिवशी त्याच गाड्या पुढच्या गल्लीत पाठवेल. तिथे चाळ असेल, पालिकेची शाळा असेल, आणि बोलायला कोणी नसेल. म्हणून दोन हमरस्त्यांमधल्या सगळ्या गल्ल्यांचा एकत्र विचार व्हायला हवा. बार्सिलोनात २०१६ साली पोब्लेनोऊ भागात, चारी बाजूंनी रस्ते असलेल्या इमारतींच्या नऊ चौकोनांचा मिळून एक गट केला. गाडी आत जाते, पण आरपार जात नाही. आली त्याच बाजूने वळून बाहेर पडते.

तुमच्याकडेही तोंडाशी गेट नको, मध्यावर काढता येणारे खांब हवेत, आणि त्यांची किल्ली अग्निशमन दलाकडे हवी. गेट लागलं की वॉचमन येतो आणि भाजीवालीला 'कुठे जायचंय?' विचारतो. सार्वजनिक रस्त्यावर हा अधिकार कुठल्याही सोसायटीला नाही. तसं काही ठरत असेल तर मात्र ठाम विरोध करा.

दोन अडचणी आधीच मांडा. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की बाइकही जाते, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे तिथे वाहतूक पोलीस लागेलच. दुसरी पार्किंगची. मुंबईत रस्ता मोकळा दिसला की तो गाड्यांनी भरतो, आणि मग बंब आत वळूच शकत नाही. खांबांच्या दोन्ही बाजूंना नो पार्किंग आणि गाडी वळवायला जागा, हे आदेशातच लिहून घ्या.

रस्ता पालिकेचा असला, तरी वाहतूक बंदीची अधिसूचना वाहतूक पोलीस काढतात, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ आणि ११६ खाली. अशी बंदी आधी प्रायोगिक तत्त्वावर लागू करून हरकती-सूचना मागवता येतात. तुम्ही तेच मागा. तोवर तुमच्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या गाड्या सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी मोजून ठेवा. शेजारच्या गल्लीतल्या लोकांच्याही सह्या घ्या. पत्र वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलीस, दोन्हीकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.