जुन्या मंडईत शिल्प बसवायचं तर जागा कशी ठरवावी?

मी शिल्पकार नाही. मी शिल्पं बसवतो. चौथरा बांधायचा, बोल्ट गाडायचे, चेनपुलीनं उचलून मूर्ती ओळंब्यात उभी करायची आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री टेम्पोत सामान भरून निघायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. तुम्ही विचारलंय की तुमच्या गावच्या शंभर वर्षं जुन्या दगडी मंडईत एक शिल्प ठेवायचंय, समितीत तुम्ही आहात, आणि बाकी सगळ्यांचं म्हणणं 'मधोमध, घुमटाखाली' असं आहे, तर ते योग्य का.

नाही. मधोमध सोडून कुठेही ठेवा.

आता हे एवढ्या तावातावानं का म्हणतोय ते सांगतो. एका जिल्ह्याच्या गावी (नाव विचारू नका, तिथली अजून कामं मिळतात) अशाच जुन्या मंडईत ब्राँझची भाजीवाली बसवायची होती. मांडी घालून बसलेली, हातात तराजू, माणसाच्या दीडपट. काम सुंदर होतं, त्यात खोट काढणार नाही. आर्किटेक्ट होते आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. त्यांनी ड्रॉइंग केलं होतं: दारातून आत आलं की कमानींच्या रांगेतून थेट बाई दिसणार, आणि सकाळी अकराला वरच्या झरोक्यातून ऊन बरोबर तिच्या तोंडावर पडणार. कागदावर बघताना मलाही भारी वाटलं. पण जागेवर गेलो तेव्हा तिथे दोन गोष्टी होत्या ज्या कागदावर नव्हत्या. एक, फरशीत लोखंडी झाकण. दुसरी, कोथिंबीर-पुदिना विकणारी एक मावशी.

झाकणाबद्दल दाजींना विचारलं. म्हणाले, जुनं चेंबर आहे, नकाशात बंद दाखवलंय. मी म्हटलं, दाजी, झाकणाच्या कडेला ओल आहे. ते म्हणाले, तू बोल्टचं बघ.

मावशीला कोणीतरी सांगितलं, दोन दिवस बाजूला बसा.

मंडई रात्री दहाला बंद आणि तीनला पुन्हा सुरू. तेवढ्या वेळात काम उरकलं. काळ्या ग्रॅनाइटचा चौथरा, चार बाय चार, गुडघ्याच्या वर. पहाटे चारला पहिला टेम्पो लागला आणि पहिलाच हमाल डोक्यावर बटाट्याचं पोतं घेऊन आला तो सरळ चौथऱ्याच्या कोपऱ्यावर आदळला. नडगी फुटली. ओझं डोक्यावर असताना हमाल खाली बघतच नाही हो, त्याच्या पायांना वाट पाठ असते. त्यानं पोतं टाकलं, नडगी दाबून धरली आणि मला विचारलं, "हे कधी उगवलं इथं?" मी काय बोलणार? माझ्या हातात अजून पाना होता.

महिन्याभरानं राहिलेलं बिल आणायला गेलो तर मावशी जागेवर परत. चौथऱ्याला पाठ टेकून बसलेली. ग्रॅनाइट गार राहतो म्हणून कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून वर मांडलेल्या, ब्राँझच्या बाईच्या मनगटात मावशीची पिशवी, आणि तराजूच्या पारड्यात चार लिंबं. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "ही बसलीय ती माझी जागा. मी रोज पावती फाडते. हिला कुठली पावती?"

जुलैत चेंबर तुंबलं. भाज्या धुतलेलं पाणी घोट्याएवढं साठलं आणि चौथरा ब्रेकर लावून फोडावा लागला, कारण झाकण त्याच्या खाली. फोडायलाही मलाच बोलावलं. बाई आजही एका गोदामात ताडपत्रीखाली आहे.

बरं, हे एका गावाचं झालं. आता मुंबईचं बघा, तिथे तर धडा समोरच ठेवलाय. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. 1869 ची इमारत, आर्किटेक्ट विल्यम एमर्सन. समोरच जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, तिथे 1865 पासून जॉन लॉकवूड किपलिंग शिल्पकला शिकवायचा (लेखक रुडयार्डचा बाप). या मंडईत त्याची दोन कामं आहेत. एक, दारावरच्या कमानींत कोरलेले शेतकरी आणि शेतीची दृश्यं. दुसरं, आतलं कारंजं, आराखडा एमर्सनचा, कोरीवकाम किपलिंगचं, अंगावर पशुपक्षी. एकच हात, एकच मंडई, एकच काळ. कमानीतले शेतकरी रस्त्यावरून कोणालाही दिसतात, कारण तिथे पेट्या रचता येत नाहीत. आणि कारंजं? पाणी होतं तोवर त्याला काम होतं, माणसं आपण होऊन भोवती जागा ठेवत असणार. पाणी गेलं आणि वर्षानुवर्षं ते फळांच्या खोक्यांत बुडालं, वर भडक ऑइलपेंटचे थर चढले. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा एका फळवाल्यालाच विचारलं, कारंजं कुठंय. त्यानं पेटीवर बसल्याबसल्या अंगठा मागे केला.

म्हणजे मंडईत एक तर डोक्यावरच्या पाटीच्याही वर जा, नाहीतर खाली राहायचं असेल तर काम करा. नुसतं बघायला म्हणून खाली ठेवलेल्या वस्तूची मंडई खुंटी करते किंवा फळी. यात मंडईचा काही दोष नाही. मंडई ही वापरायची जागा आहे, तिथे इंचाला भाडं आहे.

पुण्यात बघा. मंडईतला टिळकांचा पुतळा 1924 चा, पण तो इमारतीच्या पोटात घुसवलेला नाही, बाहेर मोकळ्यावर आहे. आणि त्याला वर्षातून एकदा ठरलेलं काम आहे: अनंत चतुर्दशीला त्याला हार घालून विसर्जन मिरवणूक निघते. त्या एका दिवसाच्या जोरावर बाकी वर्षभर त्याची जागा कोणी मागत नाही. (याच मंडईच्या बांधकामावर पैसा घालायला जोतीरावांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो शिक्षणावर घाला म्हणून. 1886 साली ती रे मार्केट या नावानं उघडली आणि पुढे तिला नाव जोतीरावांचंच मिळालं. पुण्यात सगळं होतं.)

आणि पहिली ठरलेली जागा बदलली तर आकाश कोसळत नाही, हेही समितीला सांगा. फ्लोरा फाउंटन मूळ राणीच्या बागेसाठी होतं, बसलं फोर्टात. आज ते बागेत असतं तर किती जणांनी पाहिलं असतं?

तुम्ही काय कराल ते सांगतो. त्या भाजीवालीनंतर मी काम घेताना हीच अट घालतो. चौथऱ्याच्या मापाचे रिकामे क्रेट ठरवलेल्या जागी रचा, वर एक पोतं टाका आणि आठ दिवस कोणाला काही सांगू नका. क्रेट कोणी सरकवले, कुठे सरकवले, किती वाजता सरकवले ते बघा. रोज सकाळी ते दोन हात लांब गेलेले दिसले तर जागा चुकली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर कोणी डबा ठेवून जेवायला लागलं, तर जागा चांगली आहे, फक्त चौथऱ्याला बसायला कड ठेवा. एवढ्यासाठी सल्लागार लागत नाही. पहाटे उठणारा माणूस लागतो, आणि समितीत तो नसतो. अकराचं ऊन बघायला सगळे येतात, पहाटे चारचा हमाल बघायला कोणी येत नाही.

जुन्या फरशीत भोकं पाडू नका, हे तुम्हाला माहीत असेलच.

आता दुसरी बाजू, ती लपवत नाही. मी तेव्हा दुसरी जागा सुचवली होती: दाराशी जुना हौद होता, हमाल पाय धुवायचे, बाया पाणी प्यायच्या, तिथे भिंतीला पाठ लावून बाई बसवा म्हटलं होतं. चार वर्षांनी तो हौद पाडून दुचाकींचं पार्किंग झालं. म्हणजे माझं ऐकलं असतं तरी बाई गोदामातच गेली असती, किंवा तिच्या खांद्याला हेल्मेट लटकली असती. दाजी हे दर दिवाळीला आठवण करून देतात. त्यांचं अजून एक म्हणणं आहे: कलाकृती कोपऱ्यात ठेवली की तिची कुंडी होते. हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. कुंड्या झालेल्या मी बऱ्याच बसवल्यात. शिवाय तुमची मंडई मी पाहिलेली नाही, घुमटाखाली कदाचित खरंच मोकळं असेल, घाऊक बाजार बाहेर गेला की काही मंडयांत आता क्रिकेट खेळण्याइतकी जागा असते. तसं असेल तर वरचं अर्धं सोडून द्या.

शिल्पाचं वजन आणि खालची फरशी कसली ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा, म्हणजे पायाचं सांगता येईल.

आणि दाजी, ताईनं हे तुम्हाला पाठवलं असणारच. चेंबर चालू होतं.