माळशेजला ट्रेलर न्यायच्या आधी

पिकअप घेतलीस, ट्रेलरही ठरवलास, छान. पण पहिलाच बेत थेट माळशेजचा? जरा दमानं घे.

गाडी किती ओढते हे सगळेच विचारतात. हुकवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात तिथे, खाली भार किती पडतो हे कुणी विचारत नाही, आणि घोळ तिथेच होतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकवर हवा. 1,000 किलोला 100 ते 150 किलो. पाण्याचे कॅन आणि जनरेटर ट्रेलरच्या मागच्या टोकाला कोंबलेस की हा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. तसं झालं तर करकचून ब्रेक मारू नकोस. स्टिअरिंग सरळ धर, ॲक्सिलरेटर सोड. ट्रेलरला वेगळे ब्रेक असतील तर फक्त तेच हळूच लाव. हुकवरचा भार पिकअपच्या पेलोडमध्येही, म्हणजे गाडी स्वतःवर जेवढं वजन वाहू शकते त्यातही, धरायचा असतो, बरं का.

घाट उतरायला लागायच्या आधीच खालचा गिअर टाक.

रिव्हर्सचा सराव खारघरला एखाद्या मोकळ्या मैदानावर कर. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेव. ट्रेलर जिकडे न्यायचा, हात तिकडे. 'येऊ दे, येऊ दे' करणाऱ्या मंडळींना चहाला पाठव. आणि सोसायटीकडून पार्किंगची परवानगी लेखी घे, तोंडी नको.