‘सिलिका जेल’, ‘सिलिकाचं द्रावण’ की ‘कलिल सिलिका’?

प्रश्न असा आला आहे: कागद गिरणीतल्या रसायनाच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना ‘कोलॉइडल सिलिका’साठी काय लिहावं? मसुद्यात वाक्य आहे, ‘सिलिका जेल पाण्यात विरघळवून लगद्यात टाकल्यास धारणा वाढते.’ हे बरोबर आहे का?

या वाक्यातले तीन शब्द बदलावे लागतील: ‘जेल’, ‘विरघळवून’ आणि ‘धारणा’.

सर्वांत घातक ‘जेल’. गिरणीत पिंपातून येतं ते सिलिकाचं सोल: पाण्यात सुटे, एकमेकांना न चिकटलेले, अस्फटिकी सिलिकाचे कण. सोडियम सिलिकेटमधला सोडियम आयन-विनिमय रेझिननं काढून ते बनवतात आणि साधारण ९ ते १०.५ पीएचला स्थिर ठेवतात. त्या पीएचला कणांच्या पृष्ठभागावर भरपूर ऋणभार असतो, कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणूनच ते सुटे राहतात. आम्ल पडून पीएच ५-६ च्या आसपास आला किंवा क्षार जास्त झाले की हे लोटणं कमी पडतं, कण साखळ्यांनी जुळतात आणि सगळं थिजतं. ते झालं जेल. पिंप थंडीत गोठलं तरी माल वाया जातो. वितळवून, ढवळून तो पूर्ववत होत नाही. म्हणजे गिरणीतल्या माणसासाठी ‘जेल’ हे बिघडलेल्या मालाचं नाव आहे. डोसिंग पंपाची (मोजून रसायन सोडणाऱ्या पंपाची) गाळणी तुंबली की तो म्हणतो, ‘जेल झालं.’ तोच शब्द चांगल्या मालाला लावला तर सूचना उलटी वाचली जाईल. नव्या बुटांच्या डब्यात पुडी मिळते ती सिलिका जेल. ती तिसरीच वस्तू.

‘कलिल’ हा शब्द मात्र पक्का आहे. टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये ‘कोलॉइड’ हा शब्द ग्रीक ‘कोला’ म्हणजे सरस यावरून घडवला. मराठी विश्वकोशानं ‘कलिल’ स्वीकारला. संस्कृतात तो जुनाच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ‘मोहकलिलं’मध्ये शंकराचार्य त्याचा अर्थ कालुष्य असा देतात. आपल्या वस्तूला गढूळपणा फारसा शोभत नाही, कारण ५ नॅनोमीटर कणांचं सोल जवळजवळ पाण्यासारखं नितळ दिसतं, फार तर किंचित निळसर झाक असते. तरीही नादही जवळचा आणि अर्थही रुळलेला, त्यामुळे लेखात ‘कलिल सिलिका’ लिहावं. पिंपावरच्या चिठ्ठीवर आणि ऑपरेटरच्या सूचनांमध्ये ‘सिलिका सोल’ ठेवावं, कारण तिथे तेच बोललं जातं.

आता ‘विरघळवून’. सिलिका इथे विरघळलेली नसतेच. विरघळली असती तर कण उरले नसते आणि सारा उपयोग कणांच्या पृष्ठभागाचा आहे: ५ नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांचं पृष्ठफळ एका ग्रॅमला सुमारे ५४५ चौरस मीटर भरतं. म्हणून ‘द्रावण’ही नको. पाणी घालण्याच्या क्रियेला ‘पातळ करून’ म्हणावं आणि लगद्यात टाकण्याला ‘सोडणं’. डोस ‘सोडतात’ हा गिरणीतला प्रयोग इतका चपखल आहे की ‘मात्रा समाविष्ट करणे’सारखं काही लिहू नये.

‘रिटेन्शन’साठी लिहिलेला ‘धारणा’ मराठीत समजूत या अर्थानं इतका घट्ट बसला आहे की ‘धारणा वाढते’ वाचताना क्षणभर भलतंच वाटतं. ‘धारण’ चालेल, पण काय कुठे धरलं जातं ते सांगावं: तंतूंचा चुरा आणि भरण (लगद्यात मिसळलेली खनिज पूड) कागद जिच्यावर तयार होतो त्या जाळीवर राहतात की खाली बॅकवॉटरमध्ये, म्हणजे निथळलेल्या पाण्यात, जातात. ‘पहिल्या फेरीचं धारण’ मोजायचं तर हेडबॉक्समधली (लगदा जाळीवर पसरवणाऱ्या पेटीतली) कन्सिस्टन्सी, म्हणजे घन पदार्थाचं प्रमाण, ०.८० टक्के आणि बॅकवॉटरमधली ०.२० टक्के असेल तेव्हा (०.८० − ०.२०) ÷ ०.८० = ७५ टक्के. ‘ड्रेनेज’ला मात्र शेतातला ‘निचरा’ नेमका बसतो. तो सरळ वापरा.

वाक्य असं करावं: ‘कॅटायनिक स्टार्च आधी सोडून, कलिल सिलिका हेडबॉक्सच्या अगदी आधी सोडल्यास जाळीवरचं धारण आणि निचरा दोन्ही सुधारतात.’ स्टार्चचा उल्लेख मी मुद्दाम घातला आहे. तंतू ऋणभारित, सिलिकाही ऋणभारित. नुसती सिलिका तंतूंना धरत नाही. कॅटायनिक म्हणजे धनभारित. तसा स्टार्च किंवा पॉलिअॅक्रिलामाइड हा पॉलिमर दुवा म्हणून आधी हवा. म्हणून सिलिकेला ‘चिकटद्रव्य’ किंवा ‘बंधक’ म्हणणं चूक. स्वीडनच्या एका कंपनीनं १९८० च्या सुमारास बाजारात आणलेली ‘कॉम्पोझिल’ पद्धत याच जोडीवर उभी होती.

क्रमही महत्त्वाचा. स्टार्च जाड लगद्यात किंवा फॅन पंपाच्या (पातळ लगदा हेडबॉक्सकडे ढकलणाऱ्या पंपाच्या) आधी, पॉलिमर वापरत असल्यास प्रेशर स्क्रीनच्या (लगदा दाबानं गाळणाऱ्या चाळणीच्या) आधी आणि सिलिका सहसा स्क्रीननंतर. पॉलिमरनं बांधलेले मोठे पुंजके स्क्रीनमधल्या मारानं फुटतात. फुटलेल्या तुकड्यांना सिलिका पुन्हा जोडते, पण छोट्या आणि घट्ट पुंजक्यांत. त्यामुळे पाणी सुटतं आणि फॉर्मेशनही, म्हणजे कागदातली तंतूंची एकसारखी पसरण, टिकतं. सिलिका सोडून मग तोच लगदा स्क्रीनमधून नेला तर हे जोडकाम तिथेच मोडू शकतं. पॉलिमर जास्त झाला तर कागद उजेडासमोर धरल्यावर ढगाळ दिसतो.

याच ठिकाणी अनुवादक ‘कोॲग्युलेशन’ आणि ‘फ्लॉक्युलेशन’ दोन्हींना ‘गोठणं’ लिहून मोकळे होतात. तसं करू नका. विद्युतभार नाहीसा झाल्यामुळे कण एकत्र येणं हे ‘साकळणं’. लांब रेणूंच्या पुलानं बांधले जाणं हे ‘पुंजके बांधणं’. ‘गोठणं’ थंडीसाठी राखून ठेवा, कारण साठवणुकीच्या सूचनेत ‘गोठू देऊ नये’ हे वाक्य येणारच आहे.

शेवटी मात्रेचा शब्दप्रयोग, ज्यात सर्वांत महाग गफलत होते. ‘टनाला १ किलो सिलिका’ म्हणजे कोरड्या हिशेबानं १ किलो की पिंपातल्या मालाच्या हिशेबानं? सिलिका साधारणपणे कागदाच्या टनाला अर्धा ते दोन किलो कोरडी, स्टार्च ५ ते १५ किलो असा पल्ला असतो. माल १५ टक्क्यांचा असेल तर १ किलो कोरड्या सिलिकेसाठी सुमारे ६.७ किलो माल लागतो. तासाला १० टन कागद काढणाऱ्या मशीनवर तासाला ६७ किलो. मराठीत ‘कोरड्या हिशेबानं’ हे दोन शब्द सुटले आणि ऑपरेटरनं तासाला १० किलोच माल सोडला, तर जाळीपर्यंत गरजेच्या जेमतेम १५ टक्के सिलिका पोचेल. ‘प्रतिटन १ किलो (कोरडी सिलिका, १५ टक्के माल असल्यास ६.७ किलो)’ असं पूर्ण लिहा.