खोलीत सगळे पुरुषच असले तर?

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. घरातले झोपले की रोज रात्री दारू पिते. नवऱ्याला ठाऊक आहे, मुलांनाही कळलं असावं. बऱ्याचदा सोडून पाहिली, टिकत नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगबद्दल वाचलं, पण धाडस होत नाही. मीटिंग शोधायची कशी? तिथे सगळे पुरुषच असतील का? कुणी ओळखीचं भेटलं तर? सगळ्यांसमोर बोलावंच लागतं का? शिवाय माझा देवावर विश्वास नाही. नवऱ्याला सोबत नेऊ का?
– एक वाचक

उत्तर : ताई, मीटिंगच्या आधी डॉक्टरांकडे जा. तुम्ही रोज पिता. किती, ते लिहिलेलं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते, भास होतात. जीवावरही बेतू शकतं. डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, कमी करून सांगू नका. मीटिंगला मात्र दारू पूर्ण सुटेपर्यंत थांबायची गरज नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., हे दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट. तिथे यायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा.

मी स्वतः या मीटिंगांना जाते. सभासदांनी वर्तमानपत्रं, रेडिओ, चित्रपट अशा माध्यमांत आपलं नाव उघड करू नये, असं ए.ए.ची अकरावी परंपरा, म्हणजे गटांसाठीच्या तत्त्वांपैकी अकरावं, सांगते. म्हणून या उत्तराखाली माझं नाव दिसणार नाही. तुमचंही नाव तिथे पहिल्या नावापुरतंच लागेल. ओळखीचं कुणी भेटलंच, तर तेही दारूच्याच त्रासाने तिथे आलेलं असेल. खात्री हवी असेल तर ‘क्लोज’ मीटिंगला जा. तिथे फक्त दारू सोडू पाहणारेच बसतात. ‘ओपन’ मीटिंगला कुणीही येऊ शकतं.

मीटिंगचे वार, वेळा आणि जागा ए.ए.च्या वेबसाइटवर मिळतात, हेल्पलाइनवरही सांगतात. यादी कधीकधी जुनी असते, तेव्हा फोन कराच. पलीकडे बहुधा दारू सोडलेलंच कुणीतरी असतं. ‘महिलांची मीटिंग आहे का’ हे स्पष्ट विचारा. नसेल तर एखादी महिला सभासद दारात भेटेल का, ते विचारा. घराबाहेर पडणं जमत नसेल तर ऑनलाइन मीटिंगही असतात.

पुरुष जास्त असतात, हे खरं आहे. ए.ए.च्या अगदी सुरुवातीच्या महिला सभासदांपैकी एक, मार्टी मान, १९३९ मध्ये पहिल्यांदा मीटिंगला गेल्या तेव्हा ए.ए.मध्ये बाया नसल्यातच जमा होत्या, आणि तरी त्या टिकल्या. पण सुरुवातीला फोन नंबर बायकांचेच घ्या. मदतीच्या नावाखाली कुणी पुरुष जवळीक साधू लागला तर भीड बाळगू नका. गटातल्या जुन्या महिला सभासदाला सांगा, नाहीतर सरळ गट बदला.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोहोचा. तेव्हा कुणी खुर्च्या मांडत असतं, कुणी पुस्तकं काढत असतं. नव्या माणसाशी बोलायला सगळ्यांना सवड असते. उशिरा गेलात तर सगळ्या माना तुमच्याकडे वळतील आणि तुम्हाला नेमकं तेच नको आहे. मग एकेक जण आपलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची बोलायची वेळ आली की ‘आज फक्त ऐकायला आलेय’ एवढं म्हणा, पुढचा बोलू लागेल. वर्गणीचा डबा फिरेल. नव्या माणसाने काही टाकायची गरज नसते. आणि संपल्यावर लगेच पळू नका. माझ्या मते खरी मीटिंग त्यानंतरच्या गप्पांत होते.

देवाचा उल्लेख येतो. दारू सोडण्यासाठी ए.ए.ने सांगितलेल्या बारा पायऱ्यांत ‘आम्हाला जसा उमगला तसा देव’ असं म्हटलंय, आणि देव न मानणारे कित्येक जण त्या जागी आपला गटच धरतात. तरीही खटकलं तर १९९४ पासून चालू असलेले स्मार्ट रिकव्हरीचे गट पाहा. तिथे देवाचा विषय नाही, विचार आणि सवयी बदलण्याच्या पद्धती शिकवतात. पण देवावरून ए.ए. आधीच बाद करू नका, असं मला कळकळीने वाटतं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरातल्या एका हॉटेलात बिल विल्सन यांना प्यायची तलफ आली, तेव्हा त्यांनी चर्चवाल्यांना फोन लावून बोलायला दुसरा दारुड्याच शोधला. भेटले डॉ. बॉब स्मिथ, आणि त्या दोघांनी ए.ए. सुरू केलं. ज्याने स्वतः प्यायलीय त्याच्याशी बोलणं, हा त्यातला जीव आहे. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात ए.ए.कडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, बरेचदा सरस ठरले.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. निदान सहा मीटिंगा करा, त्याही दोन-तीन वेगवेगळ्या गटांत.

नवऱ्याला क्लोज मीटिंगला बसता येणार नाही, ओपनला येऊ दे. पण त्याला स्वतःची जागा हवी. बिल यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अॅनॉन उभं केलं, ते त्याच्यासाठीच आहे. मुलं किशोरवयीन असतील तर त्यांच्यासाठी अलाटीन आहे. तुम्ही मीटिंगला जायच्या आधीही ते सगळे आपापल्या मीटिंगला जाऊ शकतात.