विद्यापीठाच्या लायब्ररीत नवीन माणसं भरलीत, दुसऱ्या लायब्रऱ्यांतून पुस्तक मागवता येतं म्हणे. सगळं ऑनलाइन असताना याचा काय उपयोग, माणसं भरून पैसे वायाच ना? आणि मागवायचं कसं?

उपयोग आहे की ओ. पण "सगळं ऑनलाइन असताना" हे जे तुम्ही लिहिलंय ना, तेच आमच्या दाजींनी २०१३ साली भर पंगतीत मला ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

माझी पीएचडी सोलापूरच्या विडी कामगार बायकांवर. अम्मा स्वतः विड्या वळायची, सूप मांडीवर घेऊन, त्यामुळे विषय शोधायला कुठं जावं लागलं नाही. सर म्हणाले, निजामाबादच्या बायकांवर याच विषयाचा जुना प्रबंध आहे, तो बघितल्याशिवाय चॅप्टर आणू नको. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या सरकारी वेबसाइटवर, नाही. कसा असणार, प्रबंध ऑनलाइन टाकायची सक्ती यूजीसीनं २००९ला केली आणि हा ऐंशीच्या दशकातला, टाइपरायटरवरचा.

मी जायचे त्या लायब्ररीचं (नाव घेत नाही) डेलनेटचं (एकमेकींना पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांचं जाळं) सदस्यत्व होतं, भिंतीवर तसा कागदही चिकटवलेला. पण काउंटरवरचा माणूस मान वर न करता "नाही" म्हणायचा, आणि तो इंटर लायब्ररी लोनचा, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून उसनं मागवायचा, फॉर्म कुणी भरलेला मी तरी बघितला नव्हता. मग एक नवीन मॅडम आल्या, असिस्टंट लायब्ररियन. पहिलाच प्रश्न, "नाव, साल, विद्यापीठ, काय काय माहीत आहे?" मला अर्धवटच माहीत होतं. त्यांनी तिकडं फोन लावून दाखल नंबर काढला, पत्र टाकलं आणि तेवीस दिवसांनी खाकी कागदात गुंडाळलेला प्रबंध रजिस्टर पोस्टानं आला. अट अशी की घरी न्यायचा नाही, पंधरा दिवसांत परत. सगळ्याची झेरॉक्सही नाही. मी रोज दहा ते पाच बसून मजुरीचे तक्ते हातानं उतरवले. हजार विड्यांमागं किती मिळतात, छाट, म्हणजे खराब म्हणून किती विड्या फेकतात आणि त्या छाटीचं पान-तंबाखू कुणाच्या अंगावर पडतं. रात्री अम्माला वाचून दाखवलं तर म्हणाली, यात नवीन काय आहे, आमच्याकडं पण असंच. आता हे गुगल करून दाखवा म्हणावं दाजींना.

त्या मॅडम यायच्या आधीही तो कागद भिंतीवर होताच, म्हणून विचारते, माणसं भरली तर पैसे वाया कसे?

तुमचं मागवायचं. आधी बघा तुम्हाला जर्नलमधला लेख हवाय का पुस्तक. लेख असेल तर १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास जर्नलं, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या सरकारी संस्थेमार्फत, सरकारी विद्यापीठांना मिळतात, तुमच्या लायब्ररीत लॉगिन विचारा. जुनी पुस्तकं, जुने प्रबंध त्यात नाहीत, त्याला लोनचाच फॉर्म. तो तुम्ही परस्पर पाठवायचा नसतो, लायब्ररी लायब्ररीला मागते. लेखक, साल, प्रकाशक पूर्ण लिहून न्या, नुसता विषय सांगून "काहीतरी द्या" म्हणू नका. आणि नवीन आलेल्या माणसाकडंच जा, जुन्यांना सवय लागलेली असते.

हे जरा जास्तच झालं, सगळे जुने तसे नसतात. टपालखर्च कधी आपल्याला पडतो, दुर्मिळ पुस्तक बऱ्याचदा देतच नाहीत आणि बीएच्या पोरांना ही सोय मिळेलच असं नाही, विचारून घ्या. माझा अनुभव दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे हेही धरा.

परवा दाजींच्याच पोरीचा मेसेज आला, मावशी, एमएच्या प्रोजेक्टला एक पुस्तक कुठंच मिळेना. म्हटलं लायब्ररीत जाऊन फॉर्म भर. गेली, भरला. वर म्हणाली, पप्पांना सांगू नको.